गाळणं आणि पोवतं

कुडपण हे पोलादपूर तालुक्यातलं डोंगरमाथ्यावरचं गाव. या मुलखात श्रावण म्हणजे सगळीकडून वाहणारं पाणी, आणि बरंचसं गढूळ. हंड्याच्या तोंडाला फडकं बांधून ते गाळून घ्यायचं, हे इथल्या कुठल्याही जुन्या घराला सांगावं लागत नाही. 'पवित्र' या शब्दाचा जन्म नेमका अशाच कामातला आहे.

संस्कृतात 'पू' म्हणजे स्वच्छ करणं. पावन, पावक, पवन ही सगळी त्याचीच लेकरं. त्याला 'इत्र' हा प्रत्यय लागला. खणायचं ते खनित्र, कापायचं ते लवित्र, म्हणजे विळा. तसं ज्यानं स्वच्छ करायचं ते पवित्र. थोडक्यात, अवजार. ऋग्वेदात सोमरस ज्या मेंढीच्या लोकरीतून गाळत, त्या गाळण्यालाच पवित्र म्हणत. नवव्या मंडलातली ११४ सूक्तं त्या गळणाऱ्या सोमाचीच आहेत. मला हा अर्थ फार आवडतो: गाळ स्वतःकडे ठेवून निवळ पुढे सोडणारं ते पवित्र.

पुढे श्राद्धात अनामिकेत घालायच्या दर्भाच्या अंगठीला हेच नाव मिळालं. साधनाचं नाव हळूहळू गुण झालं. मराठीनं मात्र जुनी वस्तू जपली. पवित्र झिजून 'पोवतं' झालं: नऊपदरी सुताला गाठी मारून केलेलं, श्रावणी पौर्णिमेला देवाला वाहायचं आणि मग घरच्यांनी घालायचं. किनाऱ्यावरची नारळी पौर्णिमा ती हीच पोवत्याची पुनव.

गुण झालेला शब्द माणसांवर कसा उलटतो, ते घाट उतरून महाडला आलं की कळतं. नगरपालिकेनं १९२४ सालीच चवदार तळं अस्पृश्यांसह सर्वांना खुलं केलं होतं, पण ठराव कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे हजारो अनुयायी तिथलं पाणी प्याले. तळं बाटलं म्हणून नंतर त्याची 'शुद्धी' झाली: तळ्यातून १०८ घागरी पाणी काढलं, त्यात शेण, गोमूत्र, दूध, दही कालवलं आणि मंत्र म्हणत ते परत तळ्यात ओतलं. तळ्यावरच्या हक्कासाठी नऊ वर्षांहून जास्त काळ खटला चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयानं अस्पृश्यांचा हक्क मान्य केला. त्या १०८ घागरींनी पाण्यातलं काहीच गाळलं नव्हतं, वर शेण मात्र मिसळलं होतं.