फोटोखालचे 'इतर' कोण?

"डॉ. बाबासाहेब आंबेडकर व इतर." जुन्या फोटोखाली ही ओळ आपण कितीदा वाचली असेल! हे इतर कोण? आपलेच आजे-पणजे, आपल्याच आज्या. नाव नाही, गाव नाही. माणूस इतिहासातून असाच गाळला जातो.

विद्यापीठांच्या डिजिटल संग्रहांबद्दल म्हणूनच आम्हाला बोलायचे आहे. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले. तिथल्याच प्राध्यापक फ्रान्सेस प्रिचेट यांनी 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' टिपांसह इंटरनेटवर सर्वांना खुले केले. १९३६ साली जातपात तोडक मंडळाने हे भाषण होऊ दिले नाही, तेव्हा बाबासाहेबांनी स्वतः त्याच्या १५०० प्रती छापल्या होत्या. 'वेटिंग फॉर अ व्हिसा'चेही तसेच. हस्तलिखित जपले गेले, पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९९० मध्ये त्याची पुस्तिका काढली आणि पुढे तेही कोलंबियाच्या संकेतस्थळावर आले. कुणी कागद सांभाळला, कुणी छापला, कुणी जगापुढे ठेवला.

ही साखळी तुटलीही आहे. १९१७ मध्ये लंडनहून निघालेली बाबासाहेबांची पुस्तके बोटीसह समुद्रात गेली, ते युद्ध होते. पण १९६७ मध्ये दिल्लीतल्या त्यांच्या घरातले कागद अंगणात फेकले गेले आणि पावसात भिजले, ते कुठले युद्ध होते?

आता काही मित्र म्हणतील, मोबाइलने फोटो काढा आणि ग्रुपवर टाका, झाले जतन. नाही झाले. व्हॉट्सअ‍ॅप चित्र दाबून लहान करते, आणि महिन्याभरात ते शुभेच्छांच्या ढिगाखाली जाते. जतन म्हणजे मूळ आकाराची फाइल, वेगवेगळ्या ठिकाणी ठेवलेल्या किमान तीन प्रती आणि नोंद: काय आहे, कधीचे, कुठले, कुणाकडून मिळाले. नोंद नसेल तर ती फाइल शोधात सापडत नाही, म्हणजे असून नसल्यासारखी. आणि नोंद करणाऱ्याला चळवळ माहीत नसेल, तर तो पुन्हा 'व इतर' असेच लिहिणार. फक्त आता संगणकात.

म्हणून विद्यापीठाकडे नुसती स्कॅनिंग मशीन मागू नका. सूची करणाऱ्यांत आपली माणसे हवीत, हे मागा. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी 'आम्हीही इतिहास घडवला'साठी चळवळीतल्या बायकांच्या मुलाखती घेतल्या, तेव्हा त्यांच्या हाताशी कुठला सर्व्हर होता? विचारणाऱ्याला कुणाला काय विचारायचे ते ठाऊक होते. २० जुलै १९४२ ला नागपुरात सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित महिला परिषद भरली. अध्यक्षांचे नाव नोंदले गेले. समोर बसलेल्या हजारो जणींचे काय?

त्यांतल्या काहींची मुले आज ऐंशीच्या घरात आहेत. फोटोतला चेहरा ओळखू शकणारी ही शेवटची पिढी. विद्यापीठाचा प्रकल्प मंजूर होईल तेव्हा होईल. या रविवारी वंदनेनंतर विहारात एक टेबल मांडा, घरोघरचे जुने फोटो मागवा आणि म्हाताऱ्यांना शेजारी बसवून प्रत्येक फोटोतली नावे डावीकडून उजवीकडे वहीत लिहून घ्या. फोटोच्या मागे पेनने लिहू नका, शाई पुढे उमटते. मऊ पेन्सिल वापरा.