विजेचा मुळापासूनचा हिशेब मोफत संगणकप्रणालीवर

पनवेल, प्रतिनिधी – गच्चीवरचे सौर पॅनेल धूर सोडत नाही आणि स्वयंपाकघरातील विजेची शेगडीही धूर सोडत नाही. त्यामुळे दोन्हींना 'प्रदूषणमुक्त' म्हणण्याचा प्रघात पडला आहे. परंतु पॅनेल ज्या कारखान्यात तयार झाले तेथील भट्टी आणि शेगडीला वीज पुरविणारे दूरवरचे औष्णिक केंद्र यांचा धूर कोणाच्या खात्यावर मांडायचा, हा प्रश्न शिल्लक राहतोच. या प्रश्नाचे उत्तर देणारे शास्त्र म्हणजे जीवनचक्र मूल्यांकन होय. एकेकाळी केवळ मोठ्या सल्लागार संस्थांच्या आवाक्यात असलेला हा हिशेब आता मोफत संगणकप्रणालींच्या साहाय्याने घरच्या संगणकावर मांडता येतो. गच्चीवर सौर पॅनेल बसविण्याचा विचार करणाऱ्या गृहनिर्माण संस्थांना तो उपयोगी पडावा.

जीवनचक्र म्हणजे काय?

कोणत्याही ऊर्जायंत्रणेचे आयुष्य तीन टप्प्यांत विभागता येते. खनिज काढणे, पोलाद, सिमेंट, काच, सिलिकॉन तयार करणे, वाहतूक आणि उभारणी हा पहिला टप्पा. प्रत्यक्ष वीजनिर्मिती, इंधन आणि देखभाल हा दुसरा. आणि आयुष्य संपल्यावर यंत्रणा मोडीत काढून तिची विल्हेवाट लावणे हा तिसरा. या तिन्ही टप्प्यांत बाहेर पडलेल्या हरितगृह वायूंची बेरीज करायची आणि यंत्रणेने आयुष्यभरात दिलेल्या एकूण युनिटांनी तिला भागायचे. येणारे उत्तर म्हणजे एका युनिटमागील जीवनचक्र उत्सर्जन.

या कामाची पद्धत आयएसओ १४०४० आणि १४०४४ या २००६ च्या आंतरराष्ट्रीय मानकांनी ठरवून दिली आहे. उद्दिष्ट व सीमा ठरविणे, आवक-जावक नोंदविणे, परिणाम मोजणे आणि निष्कर्षांचा अर्थ लावणे अशा तिच्या चार पायऱ्या आहेत. मिथेन, नायट्रस ऑक्साईड हे वायू कार्बन डायऑक्साईडच्या तुलनेत किती पट तापदायक, याचे गुणक वापरून सर्व वायू एकाच मापात आणले जातात. आंतरराष्ट्रीय हवामान बदल समितीच्या (आयपीसीसी) पाचव्या अहवालानुसार शंभर वर्षांच्या काळात मिथेन २८ पट, तर वीस वर्षांच्या काळात ८४ पट तापदायक ठरतो. म्हणजे कालावधी बदलला की नैसर्गिक वायूच्या गळतीचे मोलही बदलते.

याच समितीच्या २०१४ च्या अहवालात जगभरातील अभ्यासांचे मध्यक आकडे दिले आहेत. एका युनिटमागे कोळसा ८२० ग्रॅम, संयुक्त चक्राचे वायुविद्युत केंद्र ४९० ग्रॅम, जमिनीवरील मोठा सौर प्रकल्प ४८ ग्रॅम, गच्चीवरील सौर पॅनेल ४१ ग्रॅम, जलविद्युत २४ ग्रॅम, अणुऊर्जा १२ ग्रॅम आणि जमिनीवरील पवनचक्की ११ ग्रॅम. मात्र प्रत्येक मध्यकाच्या मागे मोठा पल्ला असतो. जलविद्युतसाठी तो १ ग्रॅमपासून २,२०० ग्रॅमपर्यंत पसरलेला आहे, कारण काही जलाशयांत बुडालेल्या झाडोऱ्यातून मिथेन बाहेर पडत राहतो.

पनवेलच्या आसपासची उदाहरणे

हे आकडे समजून घेण्यास रायगड जिल्ह्याइतकी सोयीची जागा क्वचितच सापडेल. खोपोली येथे टाटांच्या जलविद्युत केंद्रातून १९१५ मध्ये वीजनिर्मिती सुरू झाली. त्यानंतर भिवपुरी आणि भिरा ही केंद्रे उभी राहिली. आज खोपोली ७२, भिवपुरी ७५ आणि भिरा ३०० मेगावॅट अशी त्यांची क्षमता आहे. धरणे आणि जलवाहिन्या बांधताना जे उत्सर्जन झाले ते एकदाच. त्याला भागणारी युनिटे मात्र शंभरहून अधिक वर्षे वाढत आली आहेत. यंत्रणेचे आयुष्य जितके दीर्घ, तितका युनिटमागील बोजा हलका, हा जीवनचक्र हिशेबाचा पहिला धडा येथे मिळतो.

दुसरे उदाहरण उरणचे. मुंबई हायच्या नैसर्गिक वायूवर चालण्यासाठी उभारलेल्या या सरकारी केंद्राची क्षमता ६७२ मेगावॅट असून, त्यात प्रत्येकी १०८ मेगावॅटचे चार वायुसंच आणि त्यांच्या वाया जाणाऱ्या उष्णतेवर चालणारे १२० मेगावॅटचे दोन संच आहेत. उष्णता पुन्हा वापरल्याने तेवढ्याच वायूत अधिक युनिटे मिळतात. येथे इंधनाचे ज्वलन हाच उत्सर्जनाचा मुख्य वाटा असतो. बांधकामाचा वाटा नगण्य. खोपोलीत नेमके याच्या उलट.

मग पनवेलकरांच्या घरात कोणती वीज येते? जवळच्या केंद्राचीच येते, असे म्हणता येत नाही. २०१३ च्या अखेरीस दक्षिणेचे जाळे जोडले गेल्यापासून देशाचे वीजजाळे एकच आहे आणि त्यात चंद्रपूरच्या कोळशाची, साताऱ्याच्या पवनचक्क्यांची आणि तारापूरच्या अणुकेंद्राची वीज एकत्र मिसळते. म्हणून हिशेबासाठी जाळ्याची सरासरी घेतली जाते. केंद्रीय वीज प्राधिकरण ती दरवर्षी प्रसिद्ध करते. २०२२-२३ साठी ती युनिटमागे सुमारे ०.७२ किलो होती. हा आकडा फक्त केंद्रांच्या चिमणीचा आहे, हे मात्र लक्षात ठेवावे. खाणी, कोळशाची वाहतूक आणि वाहिन्यांतील गळती धरल्यास ग्राहकापर्यंत पोहोचलेल्या युनिटचा बोजा त्याहून अधिक भरतो.

संगणकप्रणाली कोणत्या?

ऊर्जेच्या जीवनचक्रासाठी सर्वांत जुन्या मोफत प्रणालींपैकी एक म्हणजे 'जेमिस'. जर्मनीतील ओको इन्स्टिट्यूटने कासेल येथील विद्यापीठाच्या सहकार्याने ती १९८९ मध्ये सिद्ध केली. २०१२ मध्ये तिची जबाबदारी आयआयएनएएस या संस्थेकडे आली. खाणीपासून ग्राहकापर्यंतची प्रक्रियांची साखळी जोडत नेणे, हे तिचे वैशिष्ट्य. हरितगृह वायूंबरोबर गंधकाची व नत्राची ऑक्साईडे, धूलिकण आणि खर्च यांचाही हिशेब ती देते.

बर्लिनच्या ग्रीनडेल्टा कंपनीची 'ओपनएलसीए' ही अधिक व्यापक प्रणाली. ती विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर चालते. येथे एक भेद ध्यानात घ्यायला हवा. 'जेमिस' मोफत आहे, तर 'ओपनएलसीए' मोफत असून मुक्तस्रोतही आहे. म्हणजे तिची मूळ आज्ञावली कोणालाही वाचता, तपासता आणि बदलता येते. ज्या आकड्यांवर धोरणे ठरतात, त्यांचे गणित उघड असणे केव्हाही श्रेयस्कर. संगणकाची पायथॉन भाषा जाणणाऱ्यांसाठी 'ब्राइटवे' ही तिसरी मुक्तस्रोत प्रणाली आहे. वाहने आणि त्यांच्या इंधनांसाठी अमेरिकेच्या अरगॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेची 'ग्रीट' ही प्रणाली १९९६ पासून विनामूल्य उपलब्ध आहे.

प्रणाली मोफत मिळाली तरी तिच्यात भरायची माहिती मोफत मिळेलच असे नाही. स्वित्झर्लंडच्या 'इकोइन्व्हेंट' या सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या माहितीसंचासाठी परवानाशुल्क पडते. अमेरिकेच्या सरकारी संस्थांचे संच विनामूल्य आहेत, पण ते तिकडच्या परिस्थितीचे. भारतीय कोळशात राखेचे प्रमाण बहुधा ३० ते ४५ टक्के असते आणि उष्मांक कमी. परदेशी कोळसा केंद्राचा आकडा तसाच उचलल्यास उत्तर प्रत्यक्षाहून कमी येते. म्हणून निदान वीजजाळ्याचा आकडा तरी केंद्रीय वीज प्राधिकरणाचाच भरावा.

गच्चीवरचे गणित

समजा, नवीन पनवेलमधील एका गृहनिर्माण संस्थेने २० किलोवॅटचे पॅनेल बसविले. एका किलोवॅटमागे वर्षाला १,४०० युनिट धरल्यास वर्षाची निर्मिती २८,००० युनिट. तीच वीज जाळ्यातून घेतली असती तर सुमारे २० टन कार्बन डायऑक्साईड बाहेर पडला असता. पॅनेलच्या विजेचा बोजा ४१ ग्रॅमप्रमाणे १.१५ टन होतो. बचत वर्षाला सुमारे १९ टन.

पॅनेलचा हा बोजा खरे तर हप्त्याहप्त्याने येत नाही, तो जवळजवळ सगळा आरंभीच, कारखान्यात येतो. पंचवीस वर्षांच्या आयुष्याचा मिळून तो सुमारे २९ टन होतो. वर्षाला २० टनांची कोळशाची वीज टळत असल्याने हे कर्ज साधारण दीड वर्षात फिटते. पुढची साडेतेवीस वर्षे निव्वळ लाभाची.

मात्र पनवेलमध्ये जुन्या इमारतींच्या पुनर्विकासाचे वारे आहेत. इमारत बाराव्या वर्षी पाडली आणि पॅनेल भंगारात गेले, तर तोच २९ टनांचा बोजा निम्म्याहून कमी युनिटांवर पडतो आणि युनिटमागील आकडा ४१ वरून सुमारे ८५ ग्रॅमवर जातो. तरीही तो जाळ्याच्या विजेच्या आठव्या हिश्शाइतकाच राहतो. तात्पर्य, पुनर्विकासाची शक्यता हे पॅनेल न बसविण्याचे कारण ठरत नाही. पण ते काढून दुसरीकडे बसविण्याची अट करारात घालणे शहाणपणाचे. फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत गृहनिर्माण संस्थांच्या सामाईक वापरासाठी किलोवॅटमागे १८ हजार रुपयांचे अनुदान ठेवण्यात आले, त्यामुळे हा प्रश्न केवळ पुस्तकी राहिलेला नाही.

वीज गेल्यावर चालणाऱ्या जनित्राचा हिशेबही करून पाहावा. एक लिटर डिझेल जळले की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साईड निघतो. लिटरमागे तीन युनिट मिळाली तर युनिटचा बोजा ९०० ग्रॅम. तेल उपसणे आणि शुद्ध करणे त्यात धरलेलेच नाही.

शेगडीचे अनपेक्षित उत्तर

स्वयंपाकघरातील हिशेब अनेकांना चकित करील. १४.२ किलोच्या एका सिलिंडरमधील गॅस जळला की सुमारे ४२ किलो कार्बन डायऑक्साईड तयार होतो. त्या गॅसमध्ये सुमारे १८७ युनिट विजेइतकी उष्णता असते. ६८ टक्के कार्यक्षमतेच्या शेगडीवर त्यातील १२७ युनिट भांड्यापर्यंत पोहोचतात. इंडक्शन शेगडीची कार्यक्षमता ८५ टक्के धरली, तर तेवढ्याच उष्णतेसाठी सुमारे १५० युनिट वीज लागेल आणि जाळ्याच्या सरासरीने तिचे उत्सर्जन १०८ किलो होईल. गॅसची आयात, शुद्धीकरण आणि वाहतूक यांपोटी ४२ किलोंत चौथा हिस्सा वाढविला, तरी तो आकडा ५३ च्या आसपासच राहतो. म्हणजे आजच्या वीजजाळ्यावर इंडक्शन शेगडी गॅसच्या दुप्पट उत्सर्जन करते.

सौर विजेवर हाच आकडा सहा किलोंवर येतो, हे खरे. पण येथे एक सापळा आहे. गच्चीवरची वीज जाळ्यात सोडून कोळसा टळला, असे श्रेय एकदा घेतले असेल, तर तेच युनिट शेगडीसाठी पुन्हा मोजता येणार नाही. शिवाय पॅनेल दुपारी वीज देते, स्वयंपाक सकाळ-संध्याकाळ होतो. एका युनिटचे श्रेय दोनदा घेणे ही अशा हिशेबांतील नेहमीची चूक होय. ज्या घरांत बंदिस्त जागेत लाकूड किंवा रॉकेल जळते, तेथे श्वसनाच्या आरोग्याचा विचार अर्थातच आधी करावा लागेल.

काय तपासावे?

विक्रेत्याने किंवा सल्लागाराने 'इतके टन कार्बन वाचेल' असे सांगितल्यास त्याला पाच प्रश्न विचारावेत. यंत्रणेचे आयुष्य किती वर्षे धरले? वीजजाळ्याचा आकडा कोणत्या वर्षाचा आणि कोणत्या देशाचा? मिथेनचा गुणक शंभर वर्षांचा की वीस? वाहिन्यांतील गळती धरली आहे काय? आणि हिशेबाची सीमा कारखान्याच्या दाराशी थांबते की विल्हेवाटीपर्यंत जाते? यांपैकी एकेक आकडा बदलून उत्तर किती हलते, हे मोफत प्रणालीवर काही मिनिटांत पाहता येते. जे उत्तर थोड्याशा बदलाने उलटते, त्यावर मोठा खर्च करू नये.

या प्रणालींची मर्यादाही ध्यानात असावी. भिरा केंद्राला पाणी देणाऱ्या मुळशी धरणात गावे आणि शेते गेली. त्याविरुद्ध १९२१ ते १९२४ या काळात सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला. उत्सर्जनाच्या तक्त्यात जलविद्युतचे २४ ग्रॅम दिसतात. विस्थापितांची घरे त्यात दिसत नाहीत. संगणक तेवढेच मोजतो, जेवढे त्याला मोजावयास सांगितले जाते. बाकीचे प्रश्न संस्थेच्या सर्वसाधारण सभेत आणि महानगरपालिकेच्या सभागृहात सोडवावे लागतात. तेथे बोलताना हाती स्वतः तपासलेला आकडा असेल, तर चर्चेला निश्चित दिशा मिळू शकेल.