सुटे भाग आणि सबंध शस्त्र

नळी एका पेटींत, घोडा दुसरींत आणि दस्ता तिसरींत भरून परदेशीं पाठविला, तर बंदूक पाठविली असें म्हणावें, कीं नुसतें लोखंड व लांकूड? हा प्रश्न तर्कशास्त्राच्या वर्गांत शोभण्यासारखा वाटेल. परंतु अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांस तो कायद्याने सोडवावा लागला.

इ. स. १९३२ मध्यें बोलिव्हिया व पाराग्वे यांच्यांत चाको प्रांतासाठीं युद्ध जुंपलें. २८ मे १९३४ रोजीं अध्यक्ष रूझवेल्ट यांनीं काँग्रेसच्या ठरावान्वयें उभय पक्षांस शस्त्रें विकण्याची मनाई केली. ती मोडून बोलिव्हियास १५ मशीनगन विकण्याचा कट केल्याचा आरोप कर्टिस-राइट कंपनीवर आला. काँग्रेसनें आपला अधिकार अध्यक्षांच्या हातीं देणें घटनाबाह्य आहे, असा कंपनीचा बचाव होता. २१ डिसेंबर १९३६ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें तो फेटाळला. परराष्ट्रव्यवहारांत अध्यक्षांस विशेष अधिकार आहेत, असें न्यायमूर्ति सदरलंड यांनीं ठरविलें. मात्र तोंवर युद्ध थांबून दीड वर्ष लोटलें होतें! न्याय मिळाला, पण रणांगणावर पडलेल्यांस त्याचा काय उपयोग?

मनाई प्रसंगापुरती असते, हें ओळखून १९३५ च्या तटस्थता-कायद्यानें शस्त्रांच्या उत्पादकांस व निर्यातदारांस नोंदणी आणि परवाना सक्तीचा केला. त्याखालील यादींत रायफलींबरोबर त्यांच्या नळ्याही आल्या. १९७६ च्या शस्त्रनिर्यात-नियंत्रण कायद्याखालील नियमांत हा विवेक अधिक सूक्ष्म झाला: घाऊक भावानें १०० डॉलरपर्यंतच्या किरकोळ भागांस परवान्याची सूट मिळे; पण नळी, मुख्य सांगाडा, रिव्हॉल्वरचें फिरतें नळकांडें यांस ती नव्हती. म्हणजे किंमत अल्प असली, तरी ज्यावांचून शस्त्र शस्त्रच होत नाहीं, तो भाग कायद्यानें सबंध शस्त्राच्या पंक्तीस बसविला.

मार्च २०२० मध्यें अर्धस्वयंचलित बंदुकांसह बहुतेक लहान शस्त्रांच्या निर्यातीचा कारभार परराष्ट्रखात्याकडून व्यापारखात्याकडे गेला. व्यापाऱ्यांचा जाच कमी व्हावा, असें समर्थकांचें म्हणणें. काँग्रेसची देखरेख सैल होईल, अशी टीकाकारांची भीति.

आम्हांस ही भीति निराधार वाटत नाहीं. जिन्नस परदेशीं गेला कीं त्यावर आपला कायदा फारसा चालत नाहीं. म्हणून जो कांहीं विवेक करावयाचा, तो पेटीला खिळे ठोकण्यापूर्वींच केला पाहिजे.