कॉफी यंत्राचा खरा शत्रू पाण्यातील क्षार

पणदरे (ता. बारामती) : बटण दाबताच एक कप कॉफी तयार करून देणारी कॅप्सूल यंत्रे आता गावाकडच्या स्वयंपाकघरांतही दिसू लागली आहेत. पुण्यात नोकरी करणारी किंवा परदेशी स्थायिक झालेली मुले ती आई-वडिलांसाठी भेट म्हणून आणतात. काही महिन्यांतच मात्र कप अर्धाच भरू लागतो, कॉफी कोमट येते आणि पंपाची घरघर वाढते. दोष यंत्राला दिला जातो; बहुधा तो पाण्याचा असतो.

पाणी जड का होते?

नीरा डाव्या कालव्याच्या या पट्ट्यात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून बारमाही सिंचन होत आहे. काळ्या जमिनीतील पाण्याची वाफ होते आणि क्षार मागे उरतात. शेतकरी अशा जमिनीला खारवट किंवा चोपण म्हणतात. हेच क्षार विहिरी व विंधन विहिरींच्या पाण्यात उतरतात. पिण्याच्या पाण्यासाठीच्या आयएस १०५०० या भारतीय मानकानुसार पाण्याची कठीणता प्रतिलिटर २०० मिलिग्रॅमपर्यंत असावी. पर्यायी स्रोत नसेल तरच ६०० पर्यंत चालते. शहरांत विंधन विहिरीवर किंवा टँकरवर अवलंबून असलेल्या सोसायट्यांनाही हाच प्रश्न भेडसावतो. साबणाला फेस कमी येत असेल, तर पाणी जड आहे असे समजावे.

यंत्रात पंप टाकीतील पाणी अरुंद नळीतून हीटरकडे ढकलतो. पाणी तापताच त्यातील विरघळलेल्या बायकार्बोनेटचे विघटन होऊन कार्बोनेटचा पांढरा थर बसतो. बंबात किंवा पाणी तापवायच्या पातेल्यात जमतो, तोच हा थर. त्यातून उष्णता नीट जात नाही आणि नळीही आक्रसते.

रोजची निगा

वापरलेली कॅप्सूल लगेच काढावी व कॅप्सूल न घालता एक कप गरम पाणी सोडावे. ठिबकणारे पाणी साठणारा खालचा ट्रे धुऊन कोरडा करावा; तेथे बुरशी लवकर धरते. टाकीत शिळे पाणी ठेवू नये. टाकीत दूध कधीही घालू नये.

आठवड्यातून एकदा

टाकी सौम्य साबणाने धुऊन चांगली खळबळावी. कॅप्सूलला भोक पाडणाऱ्या सुईत कॉफीचा चोथा अडकतो. यंत्राचा प्लग काढून, ते थंड झाल्यावरच माहितीपुस्तिकेत दाखविल्याप्रमाणे ती साफ करावी. सुई धारदार असते. तेथे बोट घालू नये.

एक-दोन महिन्यांनी

जड पाणी वापरणाऱ्यांनी साधारण या अंतराने क्षार काढावेत. कंपनीचे द्रावण मिळाल्यास उत्तम. अन्यथा, पुस्तिकेत मनाई नसल्यास, एक लिटर कोमट पाण्यात सुमारे २० ग्रॅम लिंबूसत्त्व (सायट्रिक ॲसिड) विरघळवावे. कॅप्सूल न घालता अर्धे द्रावण यंत्रातून सोडावे, २० मिनिटे थांबावे व उरलेले सोडावे. त्यानंतर दोन-तीन टाक्या स्वच्छ पाणी सोडल्याशिवाय कॉफी करू नये. व्हिनेगर काही कंपन्यांना मान्य आहे, काहींना नाही. शिवाय त्याचा वास रेंगाळतो. शौचालय वा फरशी साफ करण्याचे तीव्र ॲसिड मुळीच वापरू नये. ते धातू व रबर खाते आणि त्याचा अंश पोटात जाण्याचा धोका असतो.

शुद्ध पाण्याचा उपाय

आरओचे पाणी वापरल्यास थर फारच कमी बसतो. मात्र क्षार अगदीच नसलेल्या पाण्यात कॉफी बेचव लागते, तसेच काही यंत्रांना टाकीतील असे पाणी ओळखता येत नाही. अशा वेळी आरओच्या पाण्यात थोडे गाळलेले, पिण्यायोग्य साधे पाणी मिसळावे.

अमेरिकेतून आणलेल्या यंत्राबाबत आणखी एक दक्षता हवी. तेथील यंत्रे १२० व्होल्टची असतात, तर आपल्याकडील वीज २३० व्होल्टची. केवळ प्लगचा अडॅप्टर लावून यंत्र सुरू केल्यास ते जळते. यंत्राच्या तळाशी लिहिलेला व्होल्टेजचा आकडा आधी वाचावा आणि मगच पाण्याचा विचार करावा.