निशाणी नांगर

मार्च २०२५ मध्ये बीड जिल्ह्यातल्या पोलिसांच्या छातीवरच्या पाट्या बदलल्या. पोलीस अधीक्षक नवनीत काँवत यांनी पाटीवर फक्त पहिले नाव ठेवायला सांगितले, आडनाव काढायला लावले. कारण जिल्ह्यात कुणालाही समजावून सांगावे लागले नाही. ठाण्यात तक्रार घेऊन आलेला माणूस आधी समोरच्याच्या छातीवरचे आडनाव वाचतो आणि मग तोंड किती उघडायचे ते ठरवतो. आडनावावरून जात कळते, जातीवरून हा ‘आपला’ की ‘त्यांचा’ हे कळते, आणि तिथेच अर्धा निकाल लागल्यासारखे वाटते.

निर्णय चांगलाच होता. तरीही या मातीतल्या जुन्या रीतीभातींचे ज्याला ममत्व आहे, त्याला त्या कोऱ्या जागेकडे पाहून हळहळ वाटल्याशिवाय राहत नाही. कारण याच मुलखात एके काळी कागदावर नाव लावणे म्हणजे मान खाली घालण्याची तयारी ठेवून जबाबदारी उचलणे होते.

मराठेशाहीत वतनाचा किंवा शिवेचा तंटा उभा राहिला की गोतसभा भरत असे. देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी आणि गावचे बलुतेदार बसत, साक्षी होत, आणि निवाड्याचा जो कागद तयार होई त्याला महजर म्हणत. या कागदांचा शेवट पाहण्यासारखा असतो. लिहिता येत नसे म्हणून पाटलाच्या नावापुढे छोटासा नांगर काढलेला असे आणि शेजारी शब्द असत, ‘निशाणी नांगर’. सुतार, चांभार, न्हावी आपापल्या हत्याराची खूण काढत. ज्या वस्तूवर घर चालायचे तीच सहीच्या जागी ठेवलेली. साक्ष खोटी ठरली तर माणसाबरोबर त्याचा नांगरही खोटा ठरत असे. शिवेच्या वादात वतनदार महाराची साक्ष मोलाची मानत, कारण शीव पायाखाली घातलेला माणूस तोच असे.

चोरीबाबतची रीत याहून कडक होती. गावात चोरी झाली की जागल्ये आणि रखवालदार माग काढत निघत. पावलांचा माग शिवेपर्यंत पोचला की तो पुढच्या गावाच्या हवाली करायचा, त्या गावाने पुढे न्यायचा. ज्या गावच्या हद्दीत माग हरवला, त्या गावावर भरपाईची जबाबदारी येई. एल्फिन्स्टनने १८१९ मध्ये पेशव्यांच्या जिंकलेल्या मुलखाबद्दल अहवाल लिहिला, त्यात गावाच्या या सामुदायिक जबाबदारीची सविस्तर नोंद आहे. चोर कुणाचा नातलग, कुणाच्या जातीचा, हे पाहून गावाला गप्प बसता येत नसे. गप्प बसले तर दंड सगळ्यांच्या घरातून जाई.

या व्यवस्थेत ‘दिव्य’ करायला लावण्यासारख्या गोष्टीही होत्या. उकळत्या तेला-तुपातून धातूचा तुकडा काढायला लावून खरे-खोटे ठरवणे, हा न्याय नव्हता. आणि चावडीच्या ओट्यावर प्रत्येकाला बसता येत नव्हते. ज्याची साक्ष शिवेवर चालायची, त्याच महाराला ओट्याखाली उभे राहावे लागे. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी खेड्याबद्दल जे कठोर उद्गार काढले, त्यांमागे हे सगळे होते. परंपरेची बाजू घेणाऱ्याने ते भाषण टाळून पुढे जाऊ नये. जपायचे काय आणि टाकायचे काय, याची निवड तिथूनच सुरू होते. ओटा सगळ्यांना खुला व्हायला हवा होता, आणि नांगराच्या निशाणीमागची जबाबदारी टिकायला हवी होती. मराठेशाहीनंतरच्या शतकात दोन्ही कामे अर्धवट राहिली.

१७६३ मध्ये गोदाकाठच्या राक्षसभुवनला, म्हणजे आजच्या गेवराई तालुक्यात, तरुण माधवराव पेशव्यांनी निजामाचा पराभव केला. तरी बीडचा मुलूख अखेर हैदराबादकडेच राहिला. निजामी राज्यात एक मोठी दुखरी गोष्ट होती, ती म्हणजे वसुलीचा खासगी हात. सावकारांना, सरदारांना पैसे वसूल करायला अरब आणि रोहिले लागत. कर्ज थकले की दारात हत्यारबंद माणूस येऊन बसे. दरबाराचा हुकूम एकीकडे, ही माणसे एकीकडे. पहिल्या सालारजंगांनी १८५३ मध्ये दिवाणगिरी हाती घेतली तेव्हा त्यांच्यापुढची सर्वांत अवघड कामे होती त्यांत अरबांचा हा जोर मोडणे हे एक होते. १८६५ च्या जिल्हाबंदीने, म्हणजे मुलखाची जिल्ह्यांत विभागणी होऊन, तालुकदार आले, तहसील आली, पोलीस आले. गावात ‘अमीन’ हा शब्द रुजला. ठाण्याचा अंमलदार म्हणजे अमीन. मराठवाड्यातल्या म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात तो अजून सापडतो.

आणखी एक बदल झाला. निजामी मुलखात पाटीलकीचे दोन तुकडे होते. माली पाटील सारा बघे, पोलीस पाटील बंदोबस्त बघे. वरून पाहता ही नुसती कामाची वाटणी. पण यातून गावचा पाटील वरच्याचा माणूस होत गेला. गावापुढे त्याची लाज राखायची गरज कमी झाली, अमिनापुढे हजेरी लावायची गरज वाढली.

१९४७-४८ मध्ये रझाकारांनी या खासगी हत्याराच्या जोराचे शेवटचे टोक दाखवले. सरकारी कृपेखाली खासगी शस्त्र चालले की रयतेचे काय होते, हे मराठवाड्याने त्या वर्षभरात पाहिले. अंबाजोगाईत शिक्षक म्हणून काम केलेले स्वामी रामानंद तीर्थ स्टेट काँग्रेसच्या लढ्याचे नेते होते. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाने शरणागती पत्करली. पण त्यानंतरचे दिवसही विसरायचे नाहीत. पोलीस अ‍ॅक्शननंतर मराठवाड्यात सूडाची लाट आली, निरपराध मुसलमान मारले गेले, आणि ज्या जिल्ह्यांत हे घडले त्यांत पंडित सुंदरलाल समितीने बीडचेही नाव घेतले. जुनी सत्ता गेलेली आणि नवी अजून पोचायची, अशा मधल्या काळात ‘त्यांचा’ एवढाच गुन्हा पुरेसा ठरला. शिस्तीचा आग्रह धरणाऱ्या माणसासाठी हा धडा रझाकारांइतकाच जड आहे.

संयुक्त महाराष्ट्रात आल्यावर वंशपरंपरेची पाटीलकी कायद्याने गेली. ते व्हायलाच हवे होते. १९६७ च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियमाने पोलीस पाटील नेमणुकीचा झाला. गावातल्या गुन्ह्याची खबर देणे, जागेचा पंचनामा होईपर्यंत राखण करणे, गावात कुणी संशयित आला तर कळवणे, ही कामे कागदावर तशीच राहिली. मानधन तुटपुंजे, अधिकार त्याहून तुटपुंजे. १५ ऑगस्ट २००७ रोजी आर. आर. पाटील गृहमंत्री असताना महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली, तेव्हा क्षणभर चावडी परत आल्यासारखी वाटली. बांधाचे, वाटणीचे, नवरा-बायकोचे कित्येक वाद गावातच मिटले. मोहिमेत भर बक्षिसावर आला आणि ती हळूहळू विझली. पण कल्पना खोटी नव्हती. कोर्टात पंधरा वर्षे लोंबकळणारा बांधाचा वाद गावाने दोन बैठकांत मिटवावा, यात मागासलेपण काही नाही.

बीडचा बंदोबस्त चावडी आणि ठाणे एवढ्यावर कधीच अवलंबून नव्हता. तिसरी जागा होती गड. बीडजवळ नारायणगड आहे, पाटोद्याकडे गहिनीनाथगड, आणि जिल्ह्याच्या सीमेला लागून पाथर्डी तालुक्यात भगवानगड. सावरगाव घाटात जन्मलेल्या भगवानबाबांनी ऊसतोड करणाऱ्या, डोंगरपट्ट्यातल्या कष्टकरी समाजाला माळ घालायला लावली, दारू-मटण सोडायला लावले, पोरे शाळेत घालायला सांगितले. आठवडाभराचा हरिनाम सप्ताह, पहाटेचा काकडा, रात्रीचे कीर्तन, शेवटच्या दिवशी काल्याचा प्रसाद. त्या मांडवात बसलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याच्या बांधावर कुऱ्हाड घेऊन जायला जड जाई. कायद्याला जे जमत नाही ते हे होते: गुन्हा घडण्याआधीच हात आखडणे.

म्हणून गडावरचा एक प्रसंग जिल्ह्याच्या इतिहासात नोंदवून ठेवण्यासारखा आहे. गोपीनाथ मुंडे यांच्या काळात भगवानगडावरचा दसरा मेळावा हे राजकारणाचे मोठे व्यासपीठ झाले होते. २०१६ मध्ये महंत नामदेवशास्त्रींनी गडावर राजकीय भाषण होणार नाही असे सांगितले. गोपीनाथरावांच्या कन्या पंकजा मुंडे यांचा मेळावा त्या वर्षी गडाच्या पायथ्याशी झाला आणि पुढच्या वर्षीपासून सावरगाव घाटात गेला. वाद मोठा झाला, माणसे दुखावली. तरी तत्त्व म्हणून ते बरोबर होते. गडाने कुणाचा व्हायचे नाही, तरच गडाचा शब्द सगळ्यांना लागतो. याच कसोटीवर २०२५ च्या जानेवारीअखेर, मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांच्या खुनाचे प्रकरण पेटलेले असताना, त्याच महंतांनी तेव्हाचे मंत्री धनंजय मुंडे यांच्या पाठीशी गड उभा असल्याचे सांगितले तेव्हा अनेक वारकऱ्यांना ते लागले. पुढे देशमुख कुटुंब गडावर जाऊन आले. पण ती जखम भरायला वेळ लागणार.

गेल्या तीस-चाळीस वर्षांत जिल्ह्यात पैसा आला, पण शेतातून नाही. परळीच्या औष्णिक वीज केंद्राची राख, वाळू, रस्त्यांची कामे, केज-पाटोद्याच्या माळावरच्या पवनचक्क्या. जिथे कंत्राट तिथे वाटा मागणारा आला. हत्यारबंद माणूस पुन्हा दारात येऊन बसला. फरक इतकाच, की आता तो मोबाइलवर स्वतःचा व्हिडिओ टाकतो. पिस्तूल दाखवणारे रील बीडच्या पोरांनी मोठ्या हौसेने पाहिले. जिल्ह्यातल्या शस्त्र परवान्यांची संख्या बाराशेच्या वर असल्याचे २०२४ च्या अखेरीस समोर आले आणि त्यानंतर शंभराहून अधिक परवाने रद्द करावे लागले. एवढी हत्यारे कोणत्या भीतीपोटी दिली गेली, हे विचारायला एका सरपंचाचा जीव जावा लागला. त्याच दिवसांत आष्टीचे आमदार सुरेश धस यांच्या तोंडून ‘आका’ हा शब्द महाराष्ट्रभर गेला. आका म्हणजे मालक, धनी. शब्द जुनाच आहे, दख्खनी बोलीत मुरलेला. मालक परत आला तसा त्याचा शब्दही परत आला.

केज तालुक्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचे ९ डिसेंबर २०२४ रोजी अपहरण करून खून झाला. २८ डिसेंबरला बीडमध्ये सर्वपक्षीय मोर्चा निघाला. ३१ डिसेंबरला धनंजय मुंडे यांचे निकटवर्ती वाल्मीक कराड पुण्यात सीआयडीपुढे शरण आले. २०२५ च्या फेब्रुवारीत आरोपपत्र दाखल झाले. अत्याचाराची छायाचित्रे बाहेर आली आणि ४ मार्चला धनंजय मुंडे यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. दोष कुणाचा आणि किती, हे न्यायालय ठरवील. ते त्यानेच ठरवावे. रस्त्यावर फाशी मागणारे आणि आरोपीच्या समर्थनार्थ रस्ता अडवणारे, दोघांनीही न्यायाधीशाला आपले काम करू द्यावे.

या खटल्यात लावलेला कायदा बीडच्या इतिहासाशी बांधलेला आहे, हे फारसे कुणी बोलले नाही. संघटित गुन्हेगारी नियंत्रणाचा महाराष्ट्राचा कायदा, ज्याला सगळे मोक्का म्हणतात, तो २४ फेब्रुवारी १९९९ पासून लागू आहे. तेव्हा गृहमंत्री होते परळीजवळच्या नाथ्र्याचे गोपीनाथ मुंडे. मुंबईतल्या टोळ्यांची खंडणी मोडण्यासाठी तो आणला गेला. जामीन अवघड, आणि पोलीस अधीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यापुढचा कबुलीजबाब पुरावा म्हणून ग्राह्य. एवढ्या कडक कायद्यावर टीका झाली आणि तिच्यात तथ्यही आहे. अशी तरतूद हलक्या हाताने वापरायची नसते. पण बीडच्याच माणसाने महानगरातल्या टोळ्यांसाठी आणलेला कायदा पंचवीस वर्षांनी त्याच्याच जिल्ह्यातल्या एका खेड्यासाठी उघडावा लागला. तो तिथे लागला, याचे समाधान मानावे. कायदा कडक असावा असे म्हणणाऱ्याची परीक्षा तो आपल्या माणसाला लागतो तेव्हाच होते.

मस्साजोगचा तो वाद ९ तारखेला सुरू झाला नव्हता. तीन दिवस आधी, ६ डिसेंबरला, म्हणजे बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाण दिनी, गावाजवळच्या पवनऊर्जा प्रकल्पाच्या आवारात काही माणसे घुसली आणि तिथल्या पहारेकऱ्याला मारहाण झाली. पहारेकरी दलित समाजातला होता. खबर गावात पोचली तेव्हा देशमुख आडनावाचा सरपंच गावातल्या माणसांना घेऊन त्याच्या मदतीला धावून गेला.