परळची ऊतिपेढी : अस्थिरोपणाच्या इतिहासातील एक टप्पा

हाड हे मूलतः संमिश्र द्रव्य होय. कॅल्शियम-फॉस्फेटच्या खनिजामुळे त्यास काठिण्य येते, तर कोलॅजेन या प्रथिनामुळे चिवटपणा. अशी सांगड कृत्रिमरीत्या घालण्याचा प्रयत्न १९८० च्या दशकात लंडन येथे विल्यम बॉनफिल्ड यांनी हायड्रॉक्सीॲपेटाइट व पॉलिएथिलीन यांच्या मिश्रणातून केला. त्याच दशकात, १९८८ साली, परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात ऊतिपेढी सुरू झाली. तिने मात्र निसर्गसिद्ध हाडच हाती घेतले. खुब्याचा सांधा बदलताना निघालेले मांडीच्या हाडाचे गोल टोक एरवी टाकाऊच ठरे. असे दान मिळालेले हाड स्वच्छ करून, गोठवून, शुष्क करून गॅमा किरणांनी निर्जंतुक केले जाऊ लागले. किरणांची सोय मुंबईतच होती. ट्रॉम्बे येथील ‘आयसोमेड’ संयंत्र १९७४ मध्येच उभे राहिले होते. खरा पेच मात्रेचा. साधारणतः २५ किलोग्रे मात्रा पुरेशी मानली जाते. ती फार वाढल्यास कोलॅजेन दुबळे होऊन हाड ठिसूळ बनते. रोपित हाडात जिवंत पेशी नसतात. रुग्णाच्याच पेशी त्या चौकटीवर नवे हाड रचतात.

कायदा मात्र बराच मागे राहिला. १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याच्या कक्षेत ऊती आल्या त्या २०११ च्या दुरुस्तीने, म्हणजे पेढी सुरू झाल्यावर २३ वर्षांनी.