शस्त्राआधींचा प्रश्न

कांहीं घराण्यांतील मुलांस लहानशी जखम झाली तरी रक्त लवकर थांबत नाहीं. अशा रोग्यावर शस्त्रक्रिया करण्याचा प्रसंग आला म्हणजे वैद्याची खरी कसोटी लागते. त्या कसोटीचा इतिहास आज थोडक्यांत सांगावयाचा आहे.

इसवी सनाच्या दुसऱ्या शतकांत यहुदी धर्मशास्त्रकार रब्बी यहूदा यांनीं असें मत दिलें कीं, दोन मुलगे सुंतेनंतर दगावले असतील तर तिसऱ्याची सुंता करूं नये. धर्माज्ञेहून जीव मोठा मानला, आणि त्याला आधार घेतला तो घरच्या हकीकतीचा!

१८४० सालीं लंडनमध्यें अकरा वर्षांच्या एका मुलाच्या तिरळ्या डोळ्यावर शस्त्रक्रिया झाली. भूल देण्याची विद्या तेव्हां नव्हती. शस्त्रक्रिया लहानच, पण पुढें कित्येक दिवस रक्त वाहत राहिलें. अखेर सॅम्युएल लेन या शस्त्रवैद्यानें एका धडधाकट तरुणीचें रक्त त्याच्या शिरेंत घातलें व मुलगा वांचला. रक्तगट लँडस्टाइनर यांनीं दाखविले ते १९०१ सालीं. तेव्हां लेनला दैवाचीही साथ होती, असेंच म्हटलें पाहिजे.

१६ ऑक्टोबर १८४६ रोजीं बोस्टन येथें मॉर्टन यांनीं ईथरची भूल जाहीरपणें दाखविली. वेदना गेली, रक्तस्रावाचें भय मात्र राहिलें. इतकेंच नव्हे, तर पुढें भूल देणाऱ्याच्या हातींही सुई आली. कण्यांत टोंचलेल्या सुईमुळें आंत रक्त सांठलें तर मज्जारज्जु दबून पाय लुळे पडूं शकतात. म्हणून रक्तांतील कोणता घटक उणा आहे हें आधीं तपासून तो भरून काढतात, आणि मगच शस्त्र हातीं घेतात. गोठविलेला रक्तद्रव सावकाश वितळवितां तळाशीं उरणाऱ्या साक्यांत आठवा घटक सांपडतो, हें १९६४ च्या सुमारास अमेरिकेंत ज्युडिथ पूल यांनीं दाखविलें. तेव्हांपासून अशा रोग्यांवर मोठ्या शस्त्रक्रियाही करतां येऊं लागल्या.

माझ्या वर्गांत एक मुलगा होता. तो खेळास येईना, म्हणून मीं त्यास चारचौघांत भित्रा म्हटलें. पुढें त्याच्या आईनें सांगितलें कीं, तिचा भाऊ दाढ काढल्यावर रक्त न थांबल्यामुळें गेला. मीं आधीं विचारावयास हवें होतें. आपल्या घरीं कोणावर शस्त्रक्रिया ठरली, तर मामा, मावसभाऊ यांची अशी हकीकत असल्यास वैद्यांनीं विचारण्याची वाट न पाहतां त्यांस सांगावी, एवढीच विनंती.